उतार

संग्रहालयातल्या बाई आल्या, काखेत नकाशाची गुंडाळी.
बंदर कुठं होतं ते दाखवा, म्हणाल्या.
बाप शेळीच्या खुरातला काटा काढत होता.
काटा निघेपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, बंदर म्हंजी काय?
नाव टेकती तिथं बंदर.
नाव हलली की नुसता चिखल.

बाई हसल्या. मी नाही.
सटवाजी लिंबोरे चेष्टा करत नसतो.
पैठणच्या उतारावरचा शेवटचा नावाडी तो,
सुगीला गंगथडीची बारा गावं
पायलीपायलीनं त्याची कणगी भरायची,
कारण वर्षभर कुणाची बाळंतीण, कुणाचा वैद्य,
एखादं मढंसुद्धा
त्यानं पैसा न मागता पलीकडं नेलेलं.

बाईंनी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड.
इथून अकीक जायचा, तगराहून कापड,
गाड्यांवर लादून, घाट उतरून,
वीस वीस दिवस, भडोचच्या खाडीकडं.
बापानं विचारलं, बैलं पाणी कुठं प्यायची?
नकाशात ते नव्हतं.
आणि गंगेतून मोठी जहाजं यायची का,
याबद्दल जाणत्यांत वाद आहे, बाई म्हणाल्या.
वाद कशाला, बाप म्हणाला,
चार महिने नाव, चार महिने गाडी, चार महिने पाय.
तिन्ही गंगाच हाय.

मला मात्र तेव्हा शिसं आठवत होतं.
लहानपणी पांढरीवर पाऊस पडून गेला
की मणी उघडे पडायचे, ढेकळांतून डोळे उघडल्यासारखे.
मूठभर मण्यांना दुकानात दोन गोळ्या.
एकदा एक चकती सापडली, झिजलेली, जड.
मी म्हटलं, नाव आहे, दोन काठ्यांची.
आई म्हणाली, बैलाची शिंगं.
दुकानदारानं दातानं दाबून परत दिली.
आईनं ती जाळ्याच्या काठाला ओवली, वजन म्हणून,
आणि एका भाद्रपदात जाळ्यासकट ती वाहून गेली.
हे मी बाईंना सांगितलं नाही.
का ते अजून कळत नाही.

वर धरण झालं, मग पूल झाला.
गंगा आता भोंगा वाजवून येते.
बाप तहसिलीत गेला होता, उताराचं काही मिळेल का विचारायला.
कारकून म्हणाला, उतारा आणा.
बाप म्हणाला, जमिनीला उतारा असतो साहेब,
पाण्याला उतार.
कारकुनानं पुढच्याला हाक मारली.

नाव पालथी पडली गोठ्यावर, छप्पर म्हणून.
तिच्या पोटाखाली सात शेळ्या.
बाप दर उन्हाळ्यात डांबर फासायचा तिला.
छपराला एवढं कशाला, मी म्हणायची.

त्या रात्री भोंगा थांबेचना.
दारात पाणी, मग चुलीत,
मग जात्यावर ठेवलेल्या कंदिलापर्यंत.
बापानं खांदा लावला, नाव उलटी केली.
म्हणजे सुलटी.
शेळ्या आधी. मग शेजारची जरीना आपा,
शिलाई मशीन सोडायला तयार नाही,
मग मशीनही.
सुकलेल्या फळ्या चारी बाजूंनी पाझरत होत्या,
मी पातेल्यानं उपसत होते,
आणि बाप बांबू टेकत गल्लीतून चालला होता
जसा काही तिथं रस्ता कधी नव्हताच.
डावीकडं पिठाची गिरणी, उजवीकडं रेशन दुकान,
तो नुसतं म्हणत होता, खोल हाय, खोल हाय,
हं, आता लागला तळ.

नाव टेकली तहसिलीच्या तिसऱ्या पायरीला.
कारकून वरच होता, दप्तराचे गठ्ठे छातीशी धरून.
त्यानं हात दिला. शेळीनं तो चाटला.

आठवड्यानं बाईंचा फोन आला.
तुम्ही ठीक ना, आणि ती जागा, बंदराची, काही आठवली का?
बाप फळ्यांच्या फटींत काथ्या ठासत होता.
सांग त्यांना, म्हणाला,
मंगळवारी रातच्याला तहसिलीत होतं.
आता गेलं.
डांबर आण आधी.